हेन्री की फोर्नेट? कॉलेज फुटबॉलमधला सर्वोत्तम आक्रमक खेळाडू ठरतो कसा

७ नोव्हेंबर २०१५, शनिवारची रात्र. अलाबामा राज्यातलं टस्कलूसा शहर आणि तिथलं एक लाखाहून जास्त माणसं बसतील असं ब्रायंट-डेनी स्टेडियम. यजमान अलाबामा विद्यापीठाकडे डेरिक हेन्री, पाहुण्या लुइझियाना स्टेट विद्यापीठाकडे, म्हणजे एलएसयूकडे, लेनर्ड फोर्नेट. दोघंही अमेरिकी फुटबॉलमधले रनिंग बॅक. चेंडू काखेत घट्ट धरायचा आणि समोरच्या धिप्पाड माणसांच्या भिंतीत घुसायचं, हे त्यांचं काम. त्या रात्रीपर्यंत देशभर चर्चा होती ती फोर्नेटची. सात सामन्यांत त्याने १,३५२ यार्ड काढले होते, सामन्यामागे १९३. हेन्रीचे आठ सामन्यांत १,०४४ होते, म्हणजे सामन्यामागे साधारण १३०.

अलाबामाने सामना ३०-१६ असा जिंकला. हेन्री ३८ वेळा चेंडू घेऊन पळाला, त्याने २१० यार्ड आणि ३ टचडाउन काढले. फोर्नेट १९ वेळा पळाला आणि त्याला मिळाले फक्त ३१ यार्ड.

महिन्याभराने साउथईस्टर्न कॉन्फरन्सचा, म्हणजे एसईसीचा, आक्रमणातल्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार हेन्रीच्या नावावर गेला. लगोलग देशातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूला दिली जाणारी हाइझमन ट्रॉफीही त्यालाच मिळाली. तरी एलएसयूच्या गावात, म्हणजे बॅटन रूजमध्ये, एखाद्या चाहत्यासमोर हा विषय काढून बघा, आजही तो हिरिरीने भांडेल. आणि त्याच्याकडे भांडायला खरोखर मुद्दे आहेत. माझं मत हेन्रीच्या बाजूने आहे, पण हेन्रीच्या बाजूने नेहमी जी कारणं दिली जातात त्यातली निम्मी मला कच्ची वाटतात. पक्कं कारण वेगळंच आहे आणि ते सहसा कुणी सांगत नाही. त्याच्यापर्यंत पोहोचायचं तर आधी हा पुरस्कार म्हणजे काय ते नीट समजून घ्यावं लागेल.

खेळाची तोंडओळख थोडक्यात करून देतो. अमेरिकी फुटबॉलचं मैदान १०० यार्डांचं, एक यार्ड म्हणजे तीन फूट. चेंडू ज्या संघाकडे आहे त्याला चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं असतं. सरकला तर पुन्हा चार प्रयत्न, नाही तर चेंडू समोरच्याकडे. पुढे सरकायचे मार्ग दोन. क्वार्टरबॅकने चेंडू फेकून कुणीतरी तो झेलायचा, किंवा रनिंग बॅकने तो हातात घेऊन पळायचं. पळण्याच्या अशा एका प्रयत्नाला ‘कॅरी’ म्हणतात. एका कॅरीत सरासरी पाच यार्ड मिळाले तरी ते चांगलं समजतात. शेवटच्या रेषेपलीकडे चेंडू नेला की टचडाउन, सहा गुण.

आता कॉन्फरन्स. अमेरिकेत विद्यापीठांच्या फुटबॉलची एकच एक स्पर्धा नसते. वरच्या श्रेणीत सव्वाशेहून जास्त संघ आहेत. ते सगळे एकमेकांशी खेळू शकत नाहीत, म्हणून विद्यापीठांनी आपापले गट केलेले आहेत. एसईसी हा त्यातला एक, १९३२ साली स्थापन झालेला, दक्षिणेकडच्या राज्यांचा. २०१५ मध्ये त्यात १४ संघ होते, पूर्व विभागात सात आणि पश्चिम विभागात सात. प्रत्येक संघ साखळीत १२ सामने खेळायचा, त्यातले आठ गटातल्याच संघांशी आणि उरलेले चार बाहेरच्यांशी. दोन्ही विभागांचे विजेते डिसेंबरच्या सुरुवातीला अटलांटात अंतिम सामना खेळायचे. अलाबामा आणि एलएसयू दोघंही पश्चिम विभागातले, त्यामुळे दरवर्षी समोरासमोर यायचेच.

इथे एक घोळ लक्षात घ्यायला हवा. एसईसीचा ‘सर्वोत्तम आक्रमक खेळाडू’ हा पुरस्कार एक नाही, दोन आहेत. एक गटातले मुख्य प्रशिक्षक, २०१५ मध्ये १४ जण, मतदानाने देतात. दुसरा असोसिएटेड प्रेस ही वृत्तसंस्था गटाचं वार्तांकन करणाऱ्या पत्रकारांच्या मतांवरून देते. २०१५ मध्ये दोन्ही हेन्रीलाच मिळाले, म्हणून फरक जाणवला नाही. पण दोघांची नजर वेगळी असते. पत्रकार आठवडाभर आकडे आणि सामने चघळत असतो. प्रशिक्षक समोरच्या संघाचे व्हिडिओ रात्र-रात्र बघतो, त्यामुळे ज्याच्याशी खेळला त्याची खडान्खडा माहिती त्याला असते. ज्याच्याशी खेळला नाही त्याची तितकी नसते. केंटकीचंच बघा. त्यांचा संघ त्या वर्षी अलाबामाशीही खेळला नाही आणि एलएसयूशीही नाही. पूर्व विभागातल्या संघाला पश्चिमेतल्या सातांपैकी दोघांशीच गाठ पडायची. शिवाय प्रशिक्षकाला स्वतःच्या खेळाडूला मत देता येत नाही. म्हणजे हेन्रीला सगळ्यात जवळून पाहणारे निक सेबन आणि फोर्नेटला सगळ्यात जवळून पाहणारे लेस माइल्स, या दोघांनाच आपल्या माणसाबद्दल मत नव्हतं. नियम योग्यच आहे, नाहीतर १४ जणांनी १४ नावं लिहिली असती.

आणि कशाला मत द्यायचं याची व्याख्या कुठेच नाही. आयपीएलची ऑरेंज कॅप ज्याच्या धावा सर्वात जास्त त्याला मिळते, तिथे वाद घालायला जागाच नसते. इथे मतपत्रिकेवर फक्त पुरस्काराचं नाव असतं. सर्वात जास्त काम केलं तो? प्रत्येक संधीचं सर्वात जास्त सोनं केलं तो? की ज्याच्याशिवाय संघ उभाच राहिला नसता तो? हे तीन वेगळे प्रश्न आहेत आणि त्यांची तीन वेगळी उत्तरं निघू शकतात. हेन्री-फोर्नेट वादातली निम्मी भांडणं दोघंजण वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देत असल्यामुळे होतात.

विजेने खाल्लेला सामना

सर्वात पहिलं कारण सांगतात ते एकूण यार्डांचं. मतदान झालं तेव्हा हेन्रीचे १,९८६ यार्ड होते आणि फोर्नेटचे १,७४१. टचडाउन २३ आणि १८. ऐकायला संपला वाद.

पण हेन्रीने ते १३ सामन्यांत केले आणि फोर्नेटने ११ सामन्यांत. अलाबामा विभाग जिंकून अटलांटाला गेला, त्याचा एक सामना वाढला. एलएसयूचा मात्र एक सामना चक्क विजेने खाल्ला. ५ सप्टेंबरला बॅटन रूजमध्ये मॅकनीज स्टेटविरुद्ध मोसमाचा पहिलाच सामना होता. सुरू होऊन काही मिनिटं झाली आणि वादळ आलं, विजा थांबेनात. अखेर सामना रद्द केला आणि पुढे तो खेळलाच गेला नाही. मॅकनीज हा खालच्या श्रेणीतला संघ. फोर्नेटसारख्या खेळाडूने त्यांच्याविरुद्ध किती यार्ड काढले असते याचा अंदाज कुणीही बांधावा.

सामन्यामागे सरासरी काढली तर चित्र उलटतं. फोर्नेट १५८, हेन्री १५३. कॅरीमागे सरासरी काढली तर अंतर आणखी वाढतं. फोर्नेटने २७१ कॅरींत ते यार्ड काढले, म्हणजे दर वेळी ६.४. हेन्रीने ३३९ कॅरी घेतल्या, दर वेळी ५.९. म्हणजे ‘जास्त यार्ड’ हा युक्तिवाद बऱ्याच अंशी ‘जास्त सामने आणि जास्त कॅरी’ असा आहे.

हेन्रीने त्या वर्षी हर्शेल वॉकरचा एसईसीचा एका मोसमातला विक्रम मोडला, हेही मोठ्या अभिमानाने सांगितलं जातं. खरं आहे. जॉर्जिया विद्यापीठाच्या वॉकरने १९८१ मध्ये १,८९१ यार्ड काढले होते आणि तो विक्रम ३४ वर्षं टिकला. पण वॉकरने ते ११ सामन्यांत काढले होते. हेन्रीने तो आकडा ओलांडला तेराव्या सामन्यात. विक्रमाच्या वहीत सामन्यांची संख्या छापत नाहीत, त्यामुळे हा फरक कालांतराने पुसला जातो. हेन्रीची कामगिरी यामुळे लहान होत नाही. मला एवढंच म्हणायचंय की वेगवेगळ्या लांबीच्या मोसमांची बेरीज एकमेकांशेजारी ठेवून निकाल लावता येत नाही.

आकड्यांबद्दल आणखी एक सावधगिरी. आज कुणी हा वाद उकरून काढला की हेन्रीचे २,२१९ यार्ड आणि २८ टचडाउन असे आकडे समोर ठेवतो. ते बरोबर आहेत, पण पूर्ण मोसमाचे आहेत. पुरस्कार डिसेंबरच्या पूर्वार्धात जाहीर होतात. राष्ट्रीय विजेतेपदाचे सामने त्यानंतर होतात. हेन्रीने मिशिगन स्टेटविरुद्ध ७५ आणि क्लेमसनविरुद्ध १५८ यार्ड काढले ते पुरस्कार घरी गेल्यानंतर. फोर्नेटच्या बाजूचे लोकही हेच करतात. त्याची सामन्यामागे १६२.८ ही सरासरी सांगतात, जी त्या वर्षी देशात सर्वात जास्त होती. पण तिच्यात २९ डिसेंबरच्या टेक्सास बोल या मोसमानंतरच्या सामन्यातले २१२ यार्ड आणि चार टचडाउन मोजलेले आहेत. मत देणाऱ्यांच्या कागदावर यातला एकही आकडा नव्हता. मतदाराने काय चूक केली हे ठरवायचं असेल तर त्याच्यासमोर त्या दिवशी काय होतं तेच बघायला हवं.

३१ यार्डांची रात्र

दुसरं कारण म्हणजे ती टस्कलूसाची रात्र. दोघं समोरासमोर आले, एकाने २१० काढले, दुसऱ्याने ३१. लोकांच्या मनात पुरस्कार त्या रात्रीच ठरला, यात शंका नाही. फोर्नेटचं नाव हाइझमनच्या चर्चेतून त्याच आठवड्यात मागे पडलं.

मला हे कारण सर्वात जास्त खटकतं. कारण ते दोघं समोरासमोर आलेच नव्हते. फोर्नेट मैदानात असतो तेव्हा हेन्री बाकावर बसलेला असतो. फोर्नेट पळाला तो अलाबामाच्या बचावावर. तो बचाव त्या मोसमात धावण्याच्या खेळाविरुद्ध देशात सर्वात कमी यार्ड देणारा होता. पुढच्या फळीत अशॉन रॉबिन्सन आणि जॅरन रीड, त्यांच्या मागे रेगी रॅगलंड, ज्याला त्याच वर्षी एसईसीचा बचावातला सर्वोत्तम खेळाडू निवडलं. हेन्री पळाला तो एलएसयूच्या बचावावर. तो वाईट नव्हता, पण तो अलाबामाचा बचाव नव्हता. फोर्नेटला वर्षातली सर्वात कठीण परीक्षा द्यावी लागली आणि हेन्रीला तीच परीक्षा कधीच द्यावी लागली नाही, कारण तो बचाव त्याच्याच संघाचा होता.

हा सामना दोघांच्याही हिशेबातून काढून टाकला तर फोर्नेटची दहा सामन्यांची सरासरी १७१ होते आणि हेन्रीची बारा सामन्यांची १४८. एवढा फरक.

यात आणखी एक गोष्ट मिसळते, जी प्रेक्षकाला सहज दिसत नाही. रनिंग बॅकच्या पुढे पाच जण उभे असतात, ऑफेन्सिव्ह लाइन. त्यांचं काम समोरच्यांना ढकलून वाट मोकळी करणं. त्यांच्या नावावर एकही यार्ड लागत नाही. २०१५ मध्ये देशातल्या सर्वोत्तम लाइनसाठी जो मूर पुरस्कार पहिल्यांदाच सुरू झाला आणि तो अलाबामाच्या लाइनने पटकावला. त्यांचा सेंटर, म्हणजे लाइनच्या मधोमध उभा राहणारा, रायन केली याला देशातला सर्वोत्तम सेंटर म्हणून रिमिंग्टन ट्रॉफी मिळाली. हेन्रीच्या प्रत्येक यार्डात त्यांचा वाटा आहे. तिकडे एलएसयूची पासची बाजू कमकुवत होती. चेंडू हवेतून येणार नाही याची खात्री असली की बचाव करणारा संघ जास्तीची माणसं पुढे आणून उभी करतो आणि रनिंग बॅकसाठी फटच उरत नाही. अलाबामाकडे क्वार्टरबॅक जेक कोकर होता आणि झेल घ्यायला कॅल्विन रिडली होता, त्यामुळे समोरच्यांना थोडं तरी मागे राहावं लागायचं. हे सगळं फोर्नेटच्या बाजूने जातं आणि प्रामाणिक माणसाने ते मान्य करायला हवं.

मग मी हेन्रीच्या बाजूने का?

सहा सामाईक संघ

कारण तुलना करायचा एक चांगला मार्ग उपलब्ध आहे. एकाच विभागातले असल्यामुळे दोघंही त्या मोसमात सहा सारख्याच संघांशी खेळले: ऑबर्न, मिसिसिपी स्टेट, आर्कान्सास, ओल मिस, टेक्सास ए अँड एम आणि फ्लोरिडा. ईस्टर्न मिशिगनसारखा दुबळा संघ, जो त्या वर्षी बारापैकी एकच सामना जिंकला आणि ज्याच्याविरुद्ध फोर्नेटने २३३ यार्ड काढले, तो बाजूला जातो. चार्ल्सटन सदर्न हा हेन्रीच्या वाट्याचा खालच्या श्रेणीतला संघही बाजूला जातो. विजेने खाल्लेला सामना आपोआप गळतो. अलाबामाचा बचावही गळतो, कारण हेन्री त्याच्याशी खेळलाच नाही. फोर्नेटवर जे जे अन्याय झाले म्हणतात ते बहुतेक सगळे इथे निकालात निघतात.

आता एकेक बघू. मिसिसिपी स्टेटविरुद्ध फोर्नेट १५९, हेन्री २०४. टेक्सास ए अँड एमविरुद्ध फोर्नेट १५९, हेन्री २३६. ओल मिसविरुद्ध १०८ आणि १२७. फ्लोरिडाविरुद्ध १८० आणि १८९. आर्कान्सासने दोघांनाही जखडून ठेवलं, ९१ आणि ९५. ऑबर्नविरुद्ध २२८ आणि २७१. सहाच्या सहा संघांविरुद्ध हेन्री पुढे आहे. बेरीज फोर्नेटची ९२५, हेन्रीची १,१२२. सामन्यामागे १५४ विरुद्ध १८७.

पहिल्यांदा मी हे मांडलं तेव्हा मलाही अनपेक्षित होतं, कारण मोसमाची एकूण सरासरी फोर्नेटची जास्त आहे. हा विरोधाभास नाही. फोर्नेटच्या सरासरीला वर उचलणारे चार सामने सिराक्यूस, ईस्टर्न मिशिगन, साउथ कॅरोलायना आणि वेस्टर्न केंटकीविरुद्धचे होते. त्या चारांत त्याने ७८५ यार्ड काढले. यातला साउथ कॅरोलायनाचा सामना तर त्यांच्या कोलंबिया शहरात पूर आल्यामुळे बॅटन रूजला हलवला होता, म्हणजे फोर्नेटला घरचं मैदान आणि घरचे प्रेक्षक जास्तीचे मिळाले. हेन्रीच्या वाट्याला विस्कॉन्सिन, जॉर्जिया, टेनेसी आले तसे काही किरकोळ संघही आले. पण किरकोळ संघांविरुद्ध त्याला फारसं पळवलंच नाही. चार्ल्सटन सदर्नविरुद्ध त्याला अवघ्या नऊ कॅरी दिल्या.

कॅरींचा हिशेबही लावायला हवा, नाहीतर मघाशी मी जी चूक दाखवली तीच मी करेन. या सहा सामन्यांत फोर्नेटच्या कॅरी १५४, हेन्रीच्या १९४. म्हणजे कॅरीमागे फोर्नेट ६.०, हेन्री ५.८. फोर्नेट अजूनही पुढे आहे, पण अंतर जवळपास मिटलं. ऑबर्नच्या सामन्याने तर दोघांच्या स्वभावातला फरक उघडा पडतो. फोर्नेटने २२८ यार्ड काढले ते फक्त १९ कॅरींत, दर वेळी १२ यार्ड. अंगावर आलेल्या माणसाला खेळण्यासारखं बाजूला भिरकावून तो निसटत होता. त्या दिवशीचा फोर्नेट मला हेन्रीच्या कुठल्याही दिवसापेक्षा जास्त देखणा वाटतो. हेन्रीने ऑबर्नविरुद्ध २७१ काढले ते ४६ कॅरींत. घोटून घोटून, दर वेळी पाच-सहा यार्ड, शेवटच्या मिनिटांपर्यंत.

आणि इथेच माझं मत ठरतं. चाळीस जास्तीच्या कॅरी घेऊनही हेन्रीची कॅरीमागची सरासरी जेमतेम घसरली. ज्याने हा खेळ थोडाफार पाहिलाय त्याला माहीत आहे की कॅरी वाढली की सरासरी घसरायलाच हवी. प्रत्येक कॅरी म्हणजे शंभर-सव्वाशे किलोच्या माणसांची एक धडक. तिसाव्या धडकेनंतर पाय जड होतात, समोरच्यालाही माहीत असतं की चेंडू पुन्हा याच्याकडेच येणार. अलाबामाचा दुसरा रनिंग बॅक केन्यन ड्रेक याचा हात नोव्हेंबरमध्ये मोडला आणि ऑबर्नविरुद्ध हेन्रीचा भार वाटून घ्यायला तो नव्हता. ऑबर्नविरुद्ध ४६ कॅरी, पुढच्याच शनिवारी अटलांटात फ्लोरिडाविरुद्ध ४४. दोन आठवड्यांत ९०. अलाबामाने ऑबर्नला २९-१३ आणि फ्लोरिडाला २९-१५ असं हरवलं. दोन्ही सामन्यांत हरलो असतो तर राष्ट्रीय विजेतेपदाचा रस्ताच बंद झाला असता, असं अलाबामाचे लोक म्हणतात आणि ते खरं आहे.

फोर्नेटचं मात्र त्या टस्कलूसाच्या रात्रीनंतर उलट झालं. शेवटच्या चार सामन्यांत, अलाबामाचा धरून, ३८९ यार्ड. सामन्यामागे शंभराच्याही आत. आर्कान्सासने एलएसयूला ३१-१४ हरवलं, ओल मिसने ३८-१७. संघ मागे पडला की पळण्याचा खेळ गुंडाळून चेंडू फेकावा लागतो, म्हणून त्याला संधीही कमी मिळाली, हे मी नाकारत नाही. पण पुरस्कार मोसमाचा आहे आणि मोसमात नोव्हेंबरही येतो.

क्वार्टरबॅक कुठे गेला?

हा सगळा वाद दोन रनिंग बॅकमध्ये रंगला, पण खेळाचा जाणकार इथे एक रास्त शंका काढेल. आक्रमणाचा सूत्रधार तर क्वार्टरबॅक असतो. प्रत्येक चाल त्याच्या हातातून जाते. मग मिसिसिपी स्टेटच्या डॅक प्रेस्कॉटचं काय? त्या मोसमात त्याने ३,७९३ यार्डांचे पास दिले, २९ टचडाउन फेकले, आणि फक्त पाच पास समोरच्या संघाच्या हाती गेले. ज्या संघात प्रेस्कॉट नसता तर काय उरलं असतं असा प्रश्न विचारावा, असा तो संघ होता. ‘ज्याच्याशिवाय संघ उभा राहिला नसता’ हा निकष लावला तर त्याचं नाव हेन्रीच्या वर लिहायला हरकत नाही. पण अलाबामाविरुद्ध त्याला नऊ वेळा पाडलं आणि संघ ३१-६ हरला. पुन्हा तीच अलाबामाची भिंत! त्या वर्षी एसईसीमध्ये आक्रमणाचा पुरस्कार मिळवायचा असेल तर अलाबामाकडूनच खेळणं सोयीचं होतं, एवढं मात्र म्हणता येईल.

एकाच संघातले दोघं किंवा तिघं दावेदार असले की श्रेयाची वाटणी आणखी अवघड होते. त्याचं उत्तम उदाहरण २०२० चं, तेही अलाबामाचंच. कोविडमुळे एसईसीने त्या वर्षी साखळीत फक्त गटातलेच दहा सामने ठेवले, त्यामुळे किरकोळ संघांविरुद्ध आकडे फुगवायची सोयच राहिली नाही. अलाबामाच्या मॅक जोन्सने पूर्ण मोसमात ४,५०० यार्डांचे पास दिले. डेवॉन्टा स्मिथने १,८५६ यार्डांचे पास झेलले, ११७ झेल, २३ टचडाउन. रनिंग बॅक नजी हॅरिस तिसरा. पासचं श्रेय फेकणाऱ्याचं की झेलणाऱ्याचं? एसईसीच्या मतदारांनी स्मिथला निवडलं आणि त्याला हाइझमनही मिळाली. १९९१ नंतर पहिल्यांदाच ती एका रिसीव्हरकडे, म्हणजे पास झेलणाऱ्याकडे, गेली. मला तो निर्णय पटला होता. ऑक्टोबरच्या शेवटी संघातला दुसरा वेगवान रिसीव्हर जेलन वॉडल जखमी झाला. त्यानंतर प्रत्येक संघाला ठाऊक होतं की चेंडू स्मिथकडे जाणार, तरी त्याला कुणी रोखू शकलं नाही. ड्रेकचा हात मोडल्यावर हेन्रीचं जे झालं तेच इथे स्मिथचं झालं. साथीदार गेल्यावर भार वाढूनही ज्याचा खेळ ढिला पडत नाही, त्याच्याकडे माझं मत झुकतं. हा माझा निकष आहे. तुमचा वेगळा असू शकेल, फक्त तो आधी ठरवा आणि मग सगळ्या दावेदारांना सारखाच लावा.

एक चूक मात्र कृपया करू नका. पुढे काय झालं यावरून २०१५ चा निकाल तपासू नका. हेन्री पुढे व्यावसायिक फुटबॉलमध्ये २०२० साली एका मोसमात २,०२७ यार्डांपर्यंत गेला, म्हणून ‘बघा, आम्ही म्हणत होतो’ असं म्हणणारे भेटतात. पण व्यावसायिक संघांनी खेळाडू निवडले तेव्हा फोर्नेटला २०१७ मध्ये चौथ्याच क्रमांकावर उचललं होतं आणि हेन्रीला २०१६ मध्ये पंचेचाळिसाव्या क्रमांकावर. निव्वळ अंगभूत गुण तोलायचे तर त्यांच्या लेखी फोर्नेट सरस होता, आणि ऑबर्नविरुद्धचा तो सामना पाहिला की मलाही तसंच वाटतं. पण तो निराळा प्रश्न झाला.

एलएसयूचे चाहते अजून मॅकनीजविरुद्धच्या त्या न झालेल्या सामन्याची हळहळ करतात. तो झाला असता तर फोर्नेटचा आकडा २,००० च्या आसपास गेला असता, कदाचित. माझं मत त्याने बदललं नसतं, कारण मॅकनीज त्या सहा संघांत नाही. ते बदलायला हेन्रीला अलाबामाच्या बचावावर पळताना पाहावं लागलं असतं. रॉबिन्सन, रीड आणि रॅगलंड समोर, १९ कॅरी, आणि मग शेवटी फलकावर किती यार्ड. सरावात तो त्यांच्यासमोर उभा राहत असेलच, पण बंद दाराआडच्या त्या यार्डांची नोंद कुठेच नाही.